केनेटवरचा एक कोरडा उन्हाळा

माझे बालपण कराडला, कृष्णेच्या काठी गेले. मे महिन्यात नदीचे पाणी उतरले की मासे डोहांत गोळा होतात आणि गळाला लवकर लागतात, हा बाबांकडून शिकलेला हिशेब मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये रेडिंगला आलो तेव्हाही डोक्यात घेऊन आलो होतो. २०२२ च्या जूनमध्ये तोच हिशेब मी केनेट नदीला लावला आणि पहिल्या सहा खेपांत एकही मासा न पाहता घरी परतलो. ‘न पाहता’ हे मी जाणूनबुजून लिहीत आहे. मासा मिळणे ही पुढची गोष्ट झाली. तो मला दिसतही नव्हता, आणि पाणी तर इतके निवळ होते की तळाचे गोटे मोजता आले असते.

काठावर बसण्याआधीचे सोपस्कारही माझ्यासाठी नवीनच होते. कृष्णेवर आम्हाला कधी कोणी काही विचारले नव्हते. इंग्लंडमध्ये तेरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी यंत्रणेचा परवाना काढावा लागतो आणि तो नसल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. परवाना घरबसल्या पाच मिनिटांत मिळतो, पण त्याने पाण्यावर हक्क मिळत नाही. मासेमारीचा हक्क सहसा काठाच्या जमीनमालकाकडे असतो, त्याच्याकडून तो एखाद्या क्लबने घेतलेला असतो, आणि त्या क्लबचे सभासदत्व किंवा दिवसाचे तिकीट वेगळे घ्यावे लागते. शिवाय बार्बल, चब यांसारख्या माशांसाठी नद्यांवर १५ मार्च ते १५ जून ही बंदी असते, कारण तो त्यांच्या विणीचा काळ. हौशी लोक १५ जूनच्या रात्रीच काठावर येऊन बसतात आणि बाराचे ठोके पडले की गळ टाकतात. मीही तसाच बसलो होतो. पकडलेला मोठा मासा परत पाण्यात सोडायचा असतो, हे बाबांना फोनवर सांगितले तेव्हा ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “अरे, मग पकडतोस कशाला?” या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही.

केनेट ही चुनखडीच्या टेकड्यांतून झऱ्यांच्या पाण्यावर वाहणारी नदी आहे; मार्लबरो, न्यूबरी या गावांवरून येऊन ती रेडिंगला थेम्सला मिळते. न्यूबरीच्या खाली तिच्यात बोटींचा कालवा मिसळतो आणि पुन्हा वेगळा होतो. जेथे बोटी फिरतात तेथे पाणी गढूळ असते, आणि जेथे नदी कालव्याला सोडून एकटी वाहते तेथे ते काचेसारखे असते. रेडिंगहून न्यूबरीकडे जाणारी रेल्वे थील, ऑल्डरमॅस्टन अशा छोट्या स्थानकांवर थांबते, त्यामुळे काठी खांद्याला लावून मी संध्याकाळी कामावरून थेट नदीवर जाऊ शकत असे. थीलला पाणी मोजण्याचे केंद्र आहे आणि तेथील आकडे इंटरनेटवर पाहता येतात. त्या जुलैत मी ते रोज पाहत होतो, आणि पातळीची रेघ रोज थोडी खाली गेलेली असायची.

बार्बल हा तळाचा मासा. लांबट, पोटाकडून सपाट, खाली वळलेल्या तोंडाशी चार मिशा आणि वाहत्या पाण्यात तळाला चिकटून राहता येईल असे रुंद, ताकदवान पर. खळाळाखालची खडी त्याला आवडते. आपल्याकडचा खडस, म्हणजे महसीर, याच कुळातला. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीराचे शास्त्रीय वर्णन साइक्स याने १८३९ साली केले, तेव्हा त्याने त्याला ‘बार्बस खुद्री’ असेच नाव दिले होते, म्हणजे बार्बलचेच घराणे. पुढे ते घराणे बदलले, पण मिशा आजही चारच आहेत. चब मात्र वेगळ्या स्वभावाचा असतो. पितळी खवले, जाड पांढरे ओठ आणि वाटीएवढे तोंड. तो पानाखाली, झुडपाच्या सावलीत, पाण्याच्या मधल्या किंवा वरच्या थरात उभा असतो आणि ब्लॅकबेरीपासून गोगलगायीपर्यंत जे पडेल ते गिळतो. इतका खादाड असूनही त्याच्याएवढा भित्रा मासा मी दुसरा पाहिलेला नाही.

माझ्या पहिल्या सहा खेपा वाया का गेल्या, ते मला क्लबच्या निरीक्षकामुळे कळले. तो परवाना तपासायला आला, कार्ड पाहून परत दिले आणि जाता जाता अगदी सहज म्हणाला, “तुमचा पांढरा शर्ट मला पुलावरून दिसला. माशांना तो त्याच्याही आधी दिसला असणार.” मी ऑफिसच्या कपड्यांतच काठाच्या अगदी कडेला उभा होतो, माझी सावली अर्ध्या पात्रावर पडली होती आणि बूट आपटत मी त्या पट्ट्यावरून दोनदा ये-जा केली होती. गढूळ पाण्यात हे खपून जाते. दोन फूट खोल, निवळ पाण्यात माशाला आकाशाच्या पार्श्वभूमीवर हलणारी प्रत्येक आकृती दिसते आणि काठावरच्या पावलांचा हादरा त्याला शरीराच्या बाजूच्या रेषेवर जाणवतो.

पुढच्या खेपेला मी काठी नेलीच नाही. मातकट रंगाचा जुना शर्ट, टोपी आणि पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा एवढेच घेऊन एका वाळुंजाच्या बुंध्याला टेकून बसलो. पहिली वीस मिनिटे काहीच दिसले नाही. वाहत्या पाण्यात लांब केसांसारख्या पसरलेल्या रॅनन्क्युलसच्या वेली, त्यांची पांढरी फुले आणि मधून मधून खडीचे पिवळे पट्टे एवढेच. मग एका पट्ट्यावर, ज्याला मी इतका वेळ बुडालेली फांदी समजत होतो, तिने शेपटी हलवली. एकदा एक दिसला की डोळा बसतो. पाच मिनिटांत तेथे चार बार्बल मोजले. त्यांतला एक अधूनमधून कुशीवर वळून खडीला अंग घासत असे, आणि त्या वेळी पाण्यात पितळेचे ताट कलंडावे तसा लखकन उजेड होई. याच जागेवरून मी आठवड्यापूर्वी पाय आपटत गेलो होतो.

आधी चबवर हात बसवायचे ठरवले. त्यासाठी सामान म्हणावे असे काहीच लागत नाही: काठी, सहा पौंड वजनाची ओढ सोसणारी तंगूस, एक गळ आणि ताज्या पावाचा ठोकळा. वजन नको, बूच नको. वरच्या अंगाला उभे राहून पावाच्या कडेचे चार-पाच तुकडे प्रवाहात सोडायचे आणि ते वाहत खालच्या झुडपाखाली जाऊ द्यायचे. पहिले दोन तुकडे तसेच पुढे गेले. तिसऱ्याखाली एक मोठे डोके वर आले, तुकड्याला नुसते नाक लावले आणि पुन्हा खाली गेले. चौथा ‘च्लप्’ असा आवाज होऊन नाहीसा झाला. तरीही गळ लावायची घाई करायची नाही. दोन-तीन मासे बिनधास्त खाऊ लागेपर्यंत फुकटचा पाव वाटत राहायचे, हे मला दोन चब पळवून लावल्यावर समजले. तिसऱ्या वेळी झटका देण्यात घाई केली, कारण ते पांढरे तोंड उघडताना डोळ्यांनी दिसते आणि हात आपोआप उचलला जातो. तोंड मिटून मासा वळेपर्यंत थांबलो तेव्हा पहिला चब मिळाला, तीन पौंडांच्या आसपासचा. मात्र त्याच्या धडपडीने त्या झुडपाखालचे बाकीचे सगळे मासे पांगले आणि तासभर तेथे काही हलले नाही. म्हणून उतरलेल्या पाण्यात एका जागेवर एकच चब धरायचा आणि पुढे चालू लागायचे.

बार्बलला असे चालता चालता धरता येत नाही. त्याला जेवायला बसवावे लागते. त्यासाठी जो चारा सर्वांत चांगला, तो म्हणजे भांगेचे बी. ते आमिषाच्या दुकानात राजरोस मिळते, पण बायकोला हे पटवून द्यायला मला चारा शिजवण्यापेक्षा अधिक वेळ लागला. रात्रभर भिजवून ते कुकरमध्ये शिजवले की दाणा उकलतो आणि आतला पांढरा कोंब बाहेर डोकावतो. घरभर जो वास सुटला त्यानंतर तो कुकर कायमचा गच्चीवरच्या कपाटात गेला. हे दाणे जड असल्यामुळे खडीच्या फटींत बसतात आणि बार्बल ते वेचत तासन् तास एकाच जागी रेंगाळतो. तळ उघडणारा एक छोटा डबा दोरीला बांधून मी ते थेट तळावर ठेवत असे, कारण वरून फेकलेले दाणे वाहत भलतीकडे जातात. तीन जागी चारा ठेवायचा, एक तास एकाही जागी गळ टाकायचा नाही, आणि मग ज्या जागेवर मासे निर्धास्त दिसतील तेथे बसायचे, असा क्रम मी ठरवला. गळाला डबाबंद मांसाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. गळाच्या अलीकडची तंगूस चार फूट लांब ठेवली आणि उरलेली तळाशी पडून राहावी म्हणून मागे एक छोटे वजन लावले, कारण पाण्यातून तिरकी जाणारी ताणलेली तंगूस माशाच्या अंगाला एकदा लागली की सगळी पंगत उठते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी, नऊ वाजून गेले असताना, काठीचे टोक आधी दोनदा थरथरले आणि मग सगळी काठीच वाकून पाण्याकडे ओढली गेली. बार्बलला ‘घास लागला का’ असा प्रश्न पडू देण्याची सवय नाही. तो वर उसळत नाही, तळ धरून प्रवाहाच्या जोराने पळत राहतो. माझी तंगूस दहा पौंडांची, आणि ती तुटेल या भीतीने मी त्याला बारा-पंधरा मिनिटे खेळवत ठेवले. हातजाळीत आल्यावर त्याच्या पाठीच्या पराचा करवतीसारखा काटा जाळीत अडकला. तो सोडवण्यात आणखी वेळ गेला. मग मी फोटो काढला. एक नव्हे, तीन.

पाण्यात ठेवला तर तो उलटा झाला.

त्याचे पांढरे पोट वर आलेले पाहून माझ्या पोटात गोळा आला. गुडघाभर पाण्यात उतरून मी त्याला दोन्ही हातांत सरळ धरले, तोंड प्रवाहाकडे केले आणि थांबलो. कल्ले इतके मंद उघडत होते की प्रत्येक वेळी हा शेवटचा असे वाटे. पंचवीस मिनिटांनी त्याने माझ्या तळहातावर शेपटीचा एक धक्का दिला, तरी मी लगेच सोडले नाही. काळोखात तो गेला तेव्हा नऊ पन्नासची गाडी चुकली होती आणि पायांना कळ लागली होती, पण मला जो त्रास होत होता तो त्याचा नव्हता. त्या तीन फोटोंपैकी एकही मी कोणाला पाठवला नाही.

घरी येऊन वाचले तेव्हा चूक कळली. दहा अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे अकरा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, पंचवीस अंशांना तोच आठच्या आसपास येतो. पाणी उतरलेले, प्रवाह मंद, आणि रात्री त्याच हिरव्या वेली प्रकाश नसल्यामुळे प्राणवायू देण्याऐवजी घेऊ लागतात. त्यामुळे पहाटे, जेव्हा पाणी सर्वांत थंड असते, तेव्हाच माशाला श्वासासाठी सर्वांत कमी मिळते. बार्बल शेवटपर्यंत झुंजणारा मासा असल्याने तो स्वतःला पार रिकामा करून हातात येतो. मी पाण्याचा थर्मामीटर विकत घेतला आणि वीस अंशांच्या वर काठी उघडायची नाही असे ठरवले. १९ जुलैला कोनिंग्सबी येथे ४०.३ अंश तापमान नोंदले गेले, इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच चाळीसच्या वर. दुसऱ्या दिवशी केनेटच्या पाण्यात माझा थर्मामीटर तेवीस दाखवत होता. ऑगस्टमध्ये सरकारने इंग्लंडच्या मोठ्या भागात दुष्काळ जाहीर केला. सहा आठवडे मी नदीवर जात राहिलो, पण फक्त चष्मा आणि थर्मामीटर घेऊन. मासे आता खळाळाच्या फेसाखाली, जेथे पाण्यात हवा मिसळते, तेथे दाटीने उभे होते. हव्या त्या जागी हवे तेवढे बार्बल समोर दिसत असताना बसून राहणे अवघड जात होते, हे कबूल करतो.

सप्टेंबरच्या मध्यावर रात्री गारठू लागल्या आणि एका शनिवारी थर्मामीटर सोळावर उतरला. मी या वेळी बारा पौंडांची तंगूस लावली, म्हणजे माशाला लवकर आवरता यावे. जाळी बारीक विणीची, रबराची घेतली. काठाला चटई भिजवून ठेवली. बार्बल चार मिनिटांत जाळीत आला. गळ मी जाळी पाण्यातून न उचलताच काढला आणि जाळीचे तोंड खाली करून त्याला तसाच तेथे विसावू दिले. तो माझ्या बुटाशेजारी, हात लावता येईल एवढ्या अंतरावर, बराच वेळ कल्ले हलवत उभा राहिला. मिशांना खडीचा एक कण चिकटला होता. मग खडीचा धुरळा उडाला आणि जागा रिकामी झाली. बाबांना रात्री फोन केला, तर त्यांनी फक्त तो केवढा होता ते विचारले, आणि सोडला म्हटल्यावर “बरं” म्हणाले.

नोव्हेंबरात भरपूर पाऊस झाला. केनेट चढली आणि तिचे पाणी दूध घातलेल्या चहासारखे झाले. त्या दिवशी मी सवयीने रांगत काठाशी गेलो, तर पलीकडे एक गृहस्थ पांढरे जाकीट घालून, मोठ्याने फोनवर बोलत, पाण्याच्या कडेला उभे होते. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी दोन बार्बल काढले.