समाज मनात शिरतो कोणत्या वाटेने?

व्यक्तिमत्त्वाच्या घडणीत समाजाचा वाटा असतो, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की ते करून कोणाच्याच ज्ञानात भर पडत नाही. फ्रॉइडने सुरू केलेल्या मनोविश्लेषणाच्या परंपरेत मात्र याच विधानावरून संस्था फुटल्या आणि जुने सहकारी एकमेकांचे टीकाकार झाले. हे वादंग वाचताना मला सतत जाणवते की बाहेरची सामाजिक रचना मुलाच्या मनात नेमकी कोणत्या वाटेने शिरते, हा त्यातला खरा अवघड प्रश्न आहे, आणि ज्यांनी ही वाट टप्प्याटप्प्याने दाखवली त्यांचेच लेखन आज वाचनीय उरले आहे.

फ्रॉइडला समाजाचे भान नव्हते, असा आरोप सरसकट केला जातो. तो मला अन्यायकारक वाटतो. १९३३ च्या व्याख्यानांत त्याने स्पष्टपणे मांडले आहे की मुलाचा पराहं (सुपरइगो, म्हणजे मनातला नैतिक पहारेकरी) आईवडिलांच्या नमुन्यावर नव्हे, तर आईवडिलांच्या पराहंच्या नमुन्यावर घडतो आणि म्हणूनच तो परंपरेचा वाहक ठरतो. म्हणजे वाट त्यानेच आखून ठेवली होती. अडचण अशी की या वाटेवरून काय वाहून येते, याविषयी त्याला फारसे कुतूहल नव्हते. सहजप्रेरणा सर्वत्र सारख्या आणि ईडिपस गंडही (मुलाची आईविषयीची ओढ आणि वडिलांविषयीचे वैर) सार्वत्रिक, असे तो धरून चालला. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीने १९२७ मध्ये पॅसिफिकमधील ट्रोब्रियांड बेटांवरील मातृवंशीय समाजाचा दाखला देऊन यावर बोट ठेवले. तिथे मुलावर अधिकार चालतो तो मामाचा, वडील त्याचे प्रेमळ सोबती असतात आणि दडपलेला राग वडिलांऐवजी मामाकडे वळतो, असे त्याचे म्हणणे होते.

या वाटेचे सर्वांत बारकाईने वर्णन केले ते मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नाय यांनी. बर्लिनमध्ये असतानाच, १९२० च्या दशकात, त्यांनी दाखवून दिले होते की स्त्रीच्या मनाचे प्रचलित मनोविश्लेषणात्मक चित्र पुरुषी दृष्टीतून रेखाटलेले आहे, आणि स्त्रीच्या ज्या असूयेला शरीररचनेशी जोडले जाते तिच्या मुळाशी बऱ्याच अंशी पुरुषांना मिळणारे सामाजिक स्थान असते. १९३२ मध्ये त्या अमेरिकेत आल्या आणि तिथल्या रुग्णांचे प्रश्न युरोपातील रुग्णांपेक्षा वेगळे असल्याचे त्यांच्या लक्षात आले. हा फरक संस्कृतीखेरीज कशानेही उलगडत नव्हता.

त्यांच्या मांडणीत प्रारंभ होतो तो मुलाच्या असहायतेपासून. ज्या घरात खरी माया नाही, तिथे मुलाला राग येतो. पण ज्यांच्यावाचून जगता येत नाही त्यांच्यावरच तो व्यक्त करणे धोक्याचे असल्याने मूल तो गिळून टाकते. गिळलेले हे वैर मग बाहेरच्या जगावर आरोपित होते, सारे जगच शत्रू भासू लागते आणि त्या जगात आपण एकटे व दुबळे आहोत ही मूलभूत चिंता मनात घर करते. लोकांना चिकटून राहणे, त्यांच्यावर कुरघोडी करणे किंवा त्यांच्यापासून दूर सरकणे हे या चिंतेवरचे तीन तोडगे होत, आणि त्यांपैकी एखादा ताठर झाला की तोच स्वभाव म्हणून ओळखला जातो.

समाज इथे दोनदा हस्तक्षेप करतो. आईवडील माया का देऊ शकत नाहीत, याचे उत्तर अंशतः त्यांच्या स्वतःच्या परिस्थितीत असते. पुढे मोठेपणी तोच समाज परस्परविरोधी मागण्या करून जुनी चिंता ढवळून काढतो: स्पर्धेत इतरांना मागे टाकण्याचे शिक्षण देतो आणि बंधुभावाचाही उपदेश करतो, गरजा सतत चेतवतो, पण त्या भागवण्याची साधने बहुतेकांच्या हाती देत नाही, माणूस स्वतंत्र आहे असे सांगतो आणि प्रत्यक्षात त्याच्यापुढे फार थोडे पर्याय ठेवतो. स्पर्धेत हरणाऱ्याचा आत्मसन्मानच ढासळत असल्याने प्रेमाची गरज अवाजवी वाढते, हे १९३७ च्या ‘द न्यूरॉटिक पर्सनॅलिटी ऑफ अवर टाइम’ या पुस्तकातील निरीक्षण मला त्यांच्या साऱ्या लेखनात सर्वांत मोलाचे वाटते. याच भूमिकेमुळे १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषण संस्थेने त्यांचा प्रशिक्षक म्हणून असलेला अधिकार काढून घेतला आणि त्या संस्थेतून बाहेर पडल्या.

मनोविश्लेषक आणि समाजचिंतक एरिक फ्रॉम यांचा आवाका याहून मोठा होता. कुटुंब हे समाजाचे मानसिक हस्तक आहे, असे ते १९३२ पासून मांडत होते. त्याआधीच त्यांनी जर्मन कामगार व कर्मचाऱ्यांमध्ये २७१ प्रश्नांची एक पाहणी सुरू केली होती. मुलांना मारावे का, अशा वरवर साध्या प्रश्नांच्या उत्तरांतून त्यांनी स्वभावाचा वेध घेतला, आणि डाव्या पक्षांना मत देणाऱ्या अनेकांच्या मनात अधिकारापुढे झुकण्याची ओढ त्यांना आढळली. सामाजिक चारित्र्याची, म्हणजे एका समाजगटात सामायिक असलेल्या स्वभावघडणीची, त्यांची कल्पना मात्र कधीकधी एका झेपेत संपूर्ण वर्गाला एकच स्वभाव बहाल करून टाकते, आणि अशा वेळी त्या वर्गातले माणूस कुठेच दिसत नाही.

प्रत्येक समाजातील बालसंगोपनातून एक सामायिक व्यक्तिमत्त्व घडते आणि त्याचेच प्रतिबिंब धर्मात व लोककथांत उमटते, असे मनोविश्लेषक अब्राम कार्डिनर मानत. त्यांच्यावर वर्तुळाकार युक्तिवादाचा आक्षेप घेता येतो: धर्म आणि लोककथांवरून व्यक्तिमत्त्व ओळखायचे आणि मग त्याच व्यक्तिमत्त्वाने धर्माचा उलगडा करायचा. मानववंशशास्त्रज्ञ कोरा ड्यू बॉइस यांनी आजच्या इंडोनेशियातील अलोर बेटावर केलेले काम म्हणूनच महत्त्वाचे ठरते. तिथे बाळंतीण लवकरच शेतात परतते आणि बाळाला वेळेवर दूध मिळत नाही. त्यांनी जमवलेली आत्मकथने कार्डिनर यांनी वाचली, तर रॉर्शाक चाचण्या (शाईच्या डागांत काय दिसते यावरून व्यक्तिमत्त्व जोखणाऱ्या) दुसऱ्या तज्ज्ञाने स्वतंत्रपणे तपासल्या, आणि दोघांचे निष्कर्ष बरेचसे जुळले. तरीही त्या समाजात माणसामाणसांत मोठी तफावत आहे, हे ड्यू बॉइस यांनी लपवले नाही.

तत्त्वज्ञ हर्बर्ट मार्क्यूज यांनी १९५५ मध्ये हॉर्नाय, फ्रॉम आदींवर ठपका ठेवला की सहजप्रेरणा बाजूला सारून त्यांनी मनोविश्लेषणाची धार घालवली. फ्रॉम यांच्या उपदेशपर उत्तरकालीन लेखनाला हा ठपका लागू पडतो. हॉर्नाय यांच्या बाबतीत मला तो पटत नाही, कारण गिळलेले वैर हा त्यांच्याकडे धगधगता संघर्षच आहे. त्यांच्यावरचा माझा आक्षेप निराळा आहे. त्यांनी ‘आपला काळ’ म्हणून ज्याचे वर्णन केले, तो प्रामुख्याने उपचारांचा खर्च पेलू शकणाऱ्या शहरी मध्यमवर्गाचा काळ होता. ज्यांना स्पर्धेत उतरण्याचीच मुभा नव्हती, त्यांच्या मूलभूत चिंतेचे स्वरूप कसे असते, हे त्यांच्या रुग्णनोंदींतून समजू शकत नाही.