दऱ्या आणि दर्या

आज सुट्टी होती. आजोबांच्या जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पानं मजकुरात बदलायची म्हणून सकाळीच बसलो. टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) वापरणारं एक छोटं मुक्त सॉफ्टवेअर उतरवलं, सूचनांप्रमाणे सगळं केलं, तरी पडद्यावर नुसता कचरा. दोन तास गेले. मग कळलं, उबुंटू या माझ्या संगणकप्रणालीवर टेसरॅक्टसोबत फक्त इंग्रजी येते; मराठीचं पॅकेज वेगळं घालावं लागतं आणि भाषेचा 'mar' हा संकेतही द्यावा लागतो. सूचनांत याचा उल्लेखच नव्हता.

तसं गिटहबवर, म्हणजे हे सॉफ्टवेअर जिथे ठेवलंय त्या संकेतस्थळावर, कळवलं. तासाभरात उत्तर आलं, "तुम्हीच दुरुस्ती पाठवता का?" तीन ओळी लिहिल्या, पाठवल्या आणि त्या स्वीकारल्याही गेल्या! खूप बरं वाटलं.

मग धीर करून एक मागणीही नोंदवली. मजकूर स्वच्छ करताना हे सॉफ्टवेअर 'ऱ्य'चा 'र्य' करतं. म्हणजे सह्याद्रीतल्या दऱ्यांचा थेट दर्या होतो, आणि आचाऱ्यांना दिलेला शिधा आचार्यांना जातो! हिंदीत हा भेद नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या ध्यानात येणं कठीणच. म्हणून नुसतं 'मराठी नीट करा' असं न लिहिता पानाचं चित्र जोडलं, काय मिळालं आणि काय हवं होतं ते शेजारी शेजारी मांडलं, 'ऱ'चा युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक अक्षराला असलेला ठरावीक क्रमांक) ०९३१ दिला.

अजून उत्तर नाही. ती माणसंही नोकरी सांभाळून, फुकट हे करतात, थांबायला माझी काहीच हरकत नाही. तोवर चाळीस पानं हातानं तपासतोय. कुणाला मदत करायची असेल तर जरूर सांगा.