तुम्ही विचारलंत म्हणून: उत्तर कोरियाचं मला काय पडलंय

"मॅडम, सोलापुरात चार-चार दिवस नळाला पाणी नाही, त्यावर बोला की! त्या उत्तर कोरियाचं तुम्हाला काय पडलंय?" स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, माहेरीसुद्धा हे विचारून झालंय. पाण्यावरही बोलते मी. महापालिकेत अर्ज घेऊन गेलेय, एकदा नाही, चारदा. एकावर बोललं की दुसऱ्याचं कमी पडतं, असा काही हिशेब नसतो.

अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. २०१४ च्या फेब्रुवारीत उत्तर कोरियातल्या मानवी हक्कांची चौकशी करणाऱ्या, मायकेल कर्बी यांच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचा अहवाल आला. उत्तर कोरियानं त्यांना देशात पाऊल ठेवू दिलं नव्हतं, म्हणून सेऊल, टोकियो, लंडन, वॉशिंग्टनला उघड सुनावण्या झाल्या. राजकीय कैद्यांच्या छावण्यांत ८०,००० ते १,२०,००० माणसं, असा अंदाज. डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला, की सुरक्षा परिषदेनं हे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेण्याचा विचार करावा. बाजूनं ११६, विरोधात २०, तटस्थ ५३. तटस्थांत आपणही. तरी मी फळ्यावर ११६ लिहून त्याभोवती चौकट काढली होती. तेव्हा मला खरंच वाटलं होतं, आता दार उघडणार.

वर्गात आकड्यांनी कोणी हलत नाही, म्हणून मी शिन डाँग-ह्युकची गोष्ट सांगायची. छावणी क्रमांक १४ मध्ये जन्मलेला, तेराव्या वर्षी छळ सोसलेला मुलगा. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची.

२०१५ च्या जानेवारीत शिननं स्वतःच कबूल केलं की काही तपशील बदलले होते. काही घटना छावणी १४ मध्ये नाही, छावणी १८ मध्ये घडल्या. तो छळ तेराव्या नव्हे, विसाव्या वर्षी झाला. उत्तर कोरियानं लगेच मागणी केली, ठराव रद्द करा.

दुसऱ्या दिवशी बारावीच्या वर्गात एक मुलगी उभी राहिली. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली, कधी तोंड न उघडणारी. बोटांच्या पेरांवर तंबाखूचा पिवळा डाग, घरी आईला हातभार लावायची. म्हणाली, "मॅडम, कारखान्यात दोन विड्या वाकड्या निघाल्या की अख्खी जुडी बाजूला टाकतात. आईची मजुरी जाते. मग तुमचं बाकीचं तरी खरं का?"

पंखा फिरत होता. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "पुढचा धडा काढा."

उत्तर होतं माझ्याकडे. आयोगाच्या उघड सुनावण्यांत ऐंशीहून जास्त साक्षीदार, गोपनीय मुलाखती २४० वर. शिन त्यातला एक. छळाच्या खुणा अंगावर घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या आठवणींत तारखा सरकतात, हेही सांगता आलं असतं. पण मला लाज वाटत होती. त्याची नाही, माझीच. शंभर साक्षी सोडून मी एक गोष्ट निवडली होती, कारण ती मुलांना रडवायची.

आणि उत्तर कोरियावरच्या या बाहेरच्या दबावानं झालं काय, हेही विचारता तुम्ही. सुरक्षा परिषदेत चीन आणि रशिया आडवे आले, प्रकरण हेगला गेलंच नाही. २०१७ च्या मे महिन्यात अपंगांच्या हक्कांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक, म्हणजे स्वतंत्र तज्ज्ञ, कातालिना देवान्दास यांना उत्तर कोरियानं आत येऊ दिलं. असा प्रतिवेदक तिथे पहिल्यांदाच गेला. मला ते मोठं वाटतं. माझे मिस्टर म्हणतात, छावणीतल्या माणसाला त्याचं काय? यावर आमचं अजून जमलेलं नाही. निर्बंधांनी आधी गरिबाचंच ताट रिकामं होतं, असं ते म्हणतात तेव्हा तर मला खोडता येत नाही.

पण आपल्याच गावात, सोलापुरात, १९३० साली इंग्रजांचा लष्करी कायदा होता. त्यानंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना आपण दर बारा जानेवारीला हार घालतो. दूरच्या कोणी तेव्हा विचारायला हवं होतं की नको? हे मी विचारते तेव्हा पंगतीत कोणी बोलत नाही.

शिनची गोष्ट अजून सांगते. आता आधी दुरुस्ती सांगते, मग गोष्ट. काही मुलं दुरुस्तीपाशीच ऐकायचं थांबवतात.