आमची वाटचाल : दोन लेथ, एक भागीदार आणि किमान वेतन

आमच्या जॉबवर्कच्या (ग्राहकाच्या मालावर मजुरीने काम करून देण्याच्या) कारखान्याला 26 वर्षे झाली. त्यांतली बहुतेक वर्षे ऑर्डर आली, माल गेला, पैसे उशिरा आले, एवढ्यातच संपतात. सांगण्यासारखा आहे तो किमान वेतनाचे दर एकदम वाढले तेव्हाचा काळ. त्या वेळी आम्ही बंद पडता पडता राहिलो, आणि ते कायद्यामुळे झाले असे आमचे व्यवसायबंधू आजही ठामपणे सांगतात. मला ते मान्य नाही.

सुरुवात दोन जुन्या लेथवर (धातू फिरवत ठेवून कापणाऱ्या यंत्रांवर) झाली. त्यांतल्या एकीचा बेड (खालचा आधार) चकाजवळ, म्हणजे जॉब पकडणाऱ्या पकडीजवळ, इतका झिजला होता की जॉबला, म्हणजे घडवायच्या भागाला, टेपर (निमुळतेपणा) आल्याशिवाय राहत नसे. माझे भागीदार, जे वयाने आणि हाताने माझ्यापेक्षा मोठे होते, क्रॉस-स्लाइड (टूल आत-बाहेर सरकवणारा भाग) बोटांच्या अंदाजाने सावरत तोच जॉब मापात आणत. टूल बिट (धातू कापणारे पाते) ते स्वतः घासत, दुसऱ्या कोणाला ग्राइंडरजवळ फिरकू देत नसत. हेल्परना काय द्यायचे ते मात्र मी ठरवी, आणि आसपास दुसरे काम नसल्याने ते मुकाट्याने घेतील, हे जाणूनच ठरवी. कामगाराला पर्याय नसला की मालक मजुरी दाबू शकतो, या स्थितीला अर्थशास्त्रात मोनोप्सनी म्हणतात आणि जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्येच तिची मांडणी केली होती, हे मला फार उशिरा कळले.

दर वाढले तेव्हा आमचे वर्षभराचे रेट काँट्रॅक्ट (ठरलेल्या दराचा करार) नुकतेच झाले होते. मटेरियल ग्राहकाचे असल्यामुळे जॉबवर्कच्या बिलात मजुरी, वीज आणि टूलची झीज याखेरीज फारसे काही नसते, त्यामुळे मजुरीतली वाढ मुरवायला जागाच उरत नाही. शिवाय कायद्याने हेल्परचा पगार वाढवला की टर्नरही (लेथवरचा कुशल कारागीर) हेल्परपासूनचे आपले पूर्वीचे अंतर मागतो, आणि त्याचे चुकत नाही. हिशेबात धरलेल्या वाढीपेक्षा प्रत्यक्षातली वाढ बरीच मोठी निघाली.

तरीही आम्ही तरलो असतो. बुडायला आलो ते आमच्याच धंद्यातल्या एका शेजाऱ्यामुळे. त्याने सगळी माणसे कंत्राटदारामार्फत घेतली, सह्या पूर्ण दरावर घेतल्या आणि हातात त्याहून कमी रक्कम ठेवली. त्याचा भाव आमच्या खर्चाच्याही खाली होता. आमच्या तीनपैकी दोन ग्राहकांनी त्याच महिन्यांत पाठ फिरवली. मिलिंग मशीन विकावे लागले आणि भागीदारांनी जवळजवळ दोन वर्षे आपला वाटा उचलला नाही.

2021 मध्ये डेव्हिड कार्ड यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा त्यांनी ॲलन क्रूगर यांच्यासह केलेला न्यू जर्सीचा अभ्यास माझ्या वाचनात आला. तिथे 1992 मध्ये किमान वेतन तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर झाले, आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी ताडून पाहता फास्ट फूडच्या दुकानांतली नोकरी घटलेली दिसली नाही. पुढे या निष्कर्षावर पगारपत्रकांच्या आधारे आक्षेपही घेतले गेले. मला त्यात महत्त्वाचे वाटले ते वेगळेच : तिथे एका राज्यातल्या सगळ्या दुकानांना दर एकाच वेळी लागू झाला, त्यामुळे खर्चाचा भार काही अंशी किमतीत टाकता आला. कायदा पाळणारा आणि न पाळणारा एकाच ग्राहकाला कोटेशन देतात, तेव्हा हे गणित चालत नाही.

तिसरा ग्राहक राहिला. ते पंप बनवीत आणि आमच्याकडून बुश (पंपात बसणारे पोकळ गोल भाग) घेत. काँट्रॅक्टमध्ये तरतूद नसतानाही त्यांनी माझी कॉस्ट शीट समोर घेऊन एकेक ओळ तपासली, निम्मी वाढ दिली आणि उरलेली रिजेक्शन (मापात न बसल्याने नाकारला जाणारा माल) कमी करून काढा असे सांगितले. मी मनातून चिडलो होतो. पण नवीन बोअर गेज (भोकाचे माप घेणारे साधन) आणून पाहिले, तर बहुतेक रिजेक्शन नव्या माणसांच्या पाळीत होते, आणि दर काही महिन्यांनी माणसे बदलत असल्याने पाळीवर कोणी ना कोणी नवे असेच. वाढीव पगारानंतर माणसे टिकू लागली, रिजेक्शन उतरले, आणि उरलेली निम्मी वाढ खरोखरच तिथून निघाली.

एक चूक कबूल केली पाहिजे. कामगारसंख्या ठरावीक आकड्यापलीकडे गेली की नवी बंधने लागू होतात, म्हणून मी ती ओलांडलीच नाही. वाढीव काम घरच्यांच्या नावाने काढलेल्या दुसऱ्या फर्ममध्ये वळवले. फ्रान्समध्ये 50 कामगारांना बऱ्याच जबाबदाऱ्या सुरू होतात, म्हणून 49 वर थांबलेल्या कंपन्या पुष्कळ असतात, असे वाचले तेव्हा हसू आले. दोन फर्म म्हणजे दोन हिशेब, दोन स्टोअर, आणि मोठी ऑर्डर दोघींनाही न झेपणारी. नवउद्योजकांनी हे करू नये, आणि किमान वेतनाचे दर बदलले तर जॉबचा दरही बदलेल हे वाक्य रेट काँट्रॅक्टमध्ये पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. मला ते लिहायला 14 वर्षे लागली.

गेलेल्या दोघांपैकी एक ग्राहक पुढे परत आला, आमच्याच दराने. तो शेजारी अजून धंद्यात आहे. तपासणीला मात्र सरकारी निरीक्षक दर वेळी आमच्याकडेच येतात, कारण हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि ओव्हरटाइमचे रजिस्टर आमच्याकडे सापडते. त्याच्याकडे कागदोपत्री तपासण्याजोगा कामगारच नाही.