वहीतला 'च'

२०२१ च्या श्रावणात एका मंगळवारी दुपारी मी माझ्या मावसजावेच्या घरून परत निघाले. तिनं चहा केला होता, शेंगदाण्याचा लाडू दिला होता, मुलांची चौकशी केली होती. मी पिशवीतून विम्याचं माहितीपत्रक काढलं तशी ती म्हणाली, "अगं, आमचं सगळं ह्यांच्या मित्राकडं असतं. आणि खरं सांगू, घरच्या माणसाशी पैशाचा व्यवहार नको." ती वाईट काही बोलली नव्हती. तरी गल्लीच्या टोकाला येईपर्यंत माझे डोळे भरून आले, आणि पुढचे सात महिने मी त्या गल्लीतून जायचं टाळलं. भाजीला जातानासुद्धा लांबून वळसा घालायची.

इचलकरंजीत एका सायझिंगच्या ऑफिसात मी अकरा वर्षं हिशेब लिहिला. सुताला खळ देऊन बीम, म्हणजे ताण्याचे मोठे रूळ, भरायचे, ते यंत्रमागवाल्यांकडे जायचे, आणि त्या सगळ्याच्या नोंदी माझ्याकडे. लॉकडाउननंतर ते सायझिंग बंद पडलं. विमा कंपनीतल्या ओळखीच्या एका विकास अधिकाऱ्यांनी आयुर्विम्याची एजन्सी सुचवली. २५ तासांचं प्रशिक्षण, मग ५० प्रश्नांची परीक्षा, पास व्हायला ३५ टक्के. ते जमलं. खरं अवघड काम परीक्षेनंतर सुरू झालं. बेचाळिसाव्या वर्षी लोकांच्या दारात जायचं, आणि ज्या विषयाचं नाव काढलं तरी माणसं "शुभ बोला" म्हणतात, त्याच विषयावर बोलायचं.

पहिल्या काही महिन्यांत एका शिबिरात आम्हाला सांगितलं होतं की रोज सकाळी आरशासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, मी यशस्वी आहे, मला सगळे हो म्हणतात. मी मनापासून तीन आठवडे केलं. प्रत्येक वेळी आरशातली बाई माझ्याकडे बघून म्हणायची, खोटं बोलू नकोस. दिवसाअखेर नकार मिळाला की तो दुप्पट लागायचा, कारण सकाळी मी उलटं कबूल करून बसलेली असायचे. मला वाटलं, दोष माझ्यातच आहे. फार नंतर वाचनात आलं की २००९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं असतं, त्यांना अशी गोड वाक्यं घोकून बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ते तीन आठवडे वाचले असते.

वळण मिळालं ते आपटे वाचन मंदिरात. मुलीसाठी पुस्तक बदलायला गेले होते आणि अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाबद्दलचं एक पुस्तक हाती लागलं. १९५५ पासून त्यांनी जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, ती आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी रुजवली आणि ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मराठी घरांपर्यंत पोचवली. पण मला धरून ठेवलं ते एलिस यांच्या तरुणपणीच्या एका प्रसंगानं. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची भयंकर भीती वाटायची. म्हणून त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी बाई दिसेल तिच्याशी बोलायचं. १३० जणींजवळ ते जाऊन बसले. तीस जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या शंभर जणींशी बोलणं झालं. त्यांतली एक भेटायला तयार झाली, आणि तीही आली नाही. इतके नकार पचवून त्यांच्या लक्षात काय आलं, तर काहीच भयंकर घडलं नाही, आणि भीती मात्र गेली.

मी ते पान वाचनालयाच्या बाकावर बसून दोनदा वाचलं. माझे तोवर तीस-पस्तीस नकार झाले असतील.

त्या पद्धतीचा गाभा असा की, घटनेमुळे आपण कोसळत नाही. घटना आणि कोसळणं यांच्या मध्ये आपण मनात एक वाक्य म्हणतो, आणि ते वाक्य आपल्याला पाडतं. ते वाक्य पकडायचं. मी शंभर पानी वही घेतली आणि मावसजावेच्या घरचा प्रसंग लिहिला. तिचं बोलणं लिहिलं. मग त्या वेळी मनात काय आलं ते लिहिलं: "घरच्या माणसांनी तरी हो म्हणायलाच पाहिजे. लोक असेच असतात. मला हे जमणारच नाही."

तीन वाक्यं आणि तिन्हींत 'च'. मी बघत राहिले. त्यानंतर पंधरा दिवस जे जे लिहिलं त्यात मी लाल पेनानं फक्त 'च' ला गोल करत गेले. "आजचा दिवस वायाच गेला." "ते मला टाळतातच." आपल्या भाषेत हे एक अक्षर केवढं काम करतं! इच्छेचा हट्ट करतं आणि एका दिवसाचं जन्मभराचं करतं.

नुसतं अक्षर खोडून भागत नाही, हेही लवकर कळलं. "मला हे जमणार नाही" हे वाक्य 'च' काढल्यावरही जडच राहतं. पण 'च' गेला की वाक्याला "कशावरून?" असं विचारता येतं. कशावरून जमणार नाही? तर या महिन्यात अठ्ठावीस घरी गेले, नऊ जणांनी पूर्ण ऐकून घेतलं, दोन पॉलिसी झाल्या. मग खरं वाक्य लिहायचं: "दारात गेल्यावर पहिली दोन मिनिटं मला अजून नीट बोलता येत नाही." या वाक्यावर काहीतरी करता येतं. आणि "हो म्हणायलाच पाहिजे" च्या जागी "हो म्हटलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं." हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, पण ते गल्लीच्या टोकावरचं पाणी नव्हतं.

मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीच्या एजंटांचा अभ्यास केला होता. जे अपयशाचं कारण कायमचं, सगळीकडे पसरलेलं आणि स्वतःतच आहे असं मानत नाहीत, त्यांनी पहिल्या दोन वर्षांत उरलेल्यांपेक्षा ३७ टक्के जास्त विमा विकला. माझ्याच धंद्यातल्या माणसांवर हा अभ्यास झालाय, हे वाचून मला केवढा आधार वाटला! कायमचं, सगळीकडे, मीच. माझ्या वहीतले 'च' याच तीन जागी बसलेले होते.

सकाळचा पहिला फोन ही वेगळी अडचण. फोन हातात घेऊन मी कपाट आवरायला लागायची. त्यावर जर-तरची युक्ती कामी आली. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं सांगणं असं की, "मी रोज फोन करीन" हा संकल्प कच्चा. अमुक झालं की तमुक करीन, हे पक्कं. माझं वाक्य ठरलं: डबे भरून ओटा पुसला, की फडकं वाळत घालायच्या आधी पहिला फोन, उभ्यानं. ओलं फडकं एका हातात असतं, त्यामुळे बोलणं आपोआप थोडक्यात होतं.

पटवून देण्याची गोष्ट मात्र मला सगळ्यात उशिरा कळली. मी भरपूर बोलायची. परतावा, बोनस, मुदत, सगळं एका दमात. समोरचा मान हलवायचा आणि "सांगतो" म्हणायचा. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी व्यसनाधीन माणसांशी बोलण्याची एक रीत घडवली आहे. तिचं सार असं की माणूस दुसऱ्याच्या कारणांनी बदलत नाही, स्वतःच्या तोंडून निघालेल्या कारणांनी बदलतो. त्यातला एक प्रश्न मी गेल्या वर्षी एका जॉबरना, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणाऱ्या कारागिरांना, विचारला. अडतीस वर्षांचे, पगार आठवड्याचा, दोन मुली.

"दादा, विम्याची गरज शून्य ते दहामध्ये किती वाटते?"

"आमचं कसलं दहा. चार धरा."

"चार का? दोन का नाही?"

इथं गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला फार जड गेलं. बाहेर मागांचा खडखडाट चालू होता. ते बराच वेळ हाताच्या तळव्याकडे बघत राहिले.

"दोन का न्हाई म्हणजे... पोरी हायत की. पतसंस्थेचं कर्ज हाय. मी न्हाई म्हटल्यावर हिनं कुणाच्या दारात जायचं?"

मी त्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं. मी फक्त म्हणाले, "वहिनींना बोलवा की. त्यांनाही विचारू दे." त्या आल्या आणि त्यांनी नेमका प्रश्न विचारला: हप्ता चुकला तर? महिन्याच्या हप्त्याला १५ दिवसांची सवलत असते, तिमाही किंवा वर्षाच्या हप्त्याला ३० दिवसांची, हे सांगितलं. पॉलिसी घेतल्यावर पटली नाही तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हेही सांगितलं. पूर्वी मी हे आपणहून सांगत नसे. माणूस माघार घेईल अशी धास्ती असायची. आता आधी सांगते, आणि बोलणं मोकळं होतं.

फॉर्म भरताना ते हळूच म्हणाले, "ताई, तंबाखू लिहू नका. हप्ता वाढंल." पूर्वीची मी असते तर मनात आलं असतं, ही पॉलिसी हातची जाताच कामा नये. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "दादा, पहिल्या तीन वर्षांत काही झालं आणि हे लपवलेलं निघालं, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. मग वहिनी ज्या दारात जाऊ नयेत म्हणून तुम्ही हे करताय, तिथंच जातील." त्यांनी बायकोकडे बघितलं. "लिवा," म्हणाले. पहिला हप्ता मी माझ्या कमिशनमधून भरावा असंही काही जण मागतात. तो कायद्यानं गुन्हा आहे, हे मी आता आवाज न चढवता सांगू शकते. काही जण उठून जातात. ते वहीत लिहिते.

सगळं श्रेय मनाच्या कसरतीला देणं खरं होणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून शुद्ध मुदत विम्याच्या (टर्म इन्शुरन्सच्या) हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, आणि त्या दिवाळीत माझं काम वाढलं ते बरंचसं त्यामुळे. ती नोंदही वहीत आहे. आनंदाच्या दिवशीसुद्धा "मीच केलं" मधला 'च' मी लाल पेनानं गोल केला.

वाईट आठवडे अजून येतात. या मार्चमध्ये सलग अकरा नकार आले आणि मी दोन दिवस वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःला नावानं हाक मारून, शेजारणीला विचारावं तसं विचारलं, बाई गं, काय झालं? असं बाहेरून विचारलं की उत्तर शांतपणे येतं. मग लिहायला बसले.

आता चौथी वही चालू आहे. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर मावसजावेचं नाव आहे, पुढं "नको" लिहिलंय. तिनं अजूनही माझ्याकडून पॉलिसी घेतलेली नाही. पण संक्रांतीला मी तिच्याकडे हळदीकुंकवाला जाते, पिशवी घरी ठेवून. यंदा तिच्या सुनेचं पहिलं वाण होतं. मी दोन तास बसले, गुळाच्या पोळ्या लाटू लागले, आणि येताना त्याच गल्लीतून चालत आले.