जीभ तिथंच जाते

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. दाढेवर टोपी बसवली त्याला आज आठ दिवस झाले. डावीकडे, खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "जिभेला पंधरा दिवस द्या, मग तिचं लक्ष जाणार नाही." जिभेने हे ऐकलेलं दिसत नाही. टोपी संपते आणि माझी दाढ सुरू होते तिथं केसभर उंचवटा आहे. त्यावरून ती दिवसातून शंभर वेळा फिरून येते. आरशात बघितलं तर काही दिसत नाही. कुणालाच दिसत नाही. जिभेला दिसतं.

बिदरहून आल्यापासून डोक्याचंही तेच चाललंय. एक वाक्य बोलून गेले तिथं, आणि आता त्याच जागी फिरून फिरून जातेय.

नंदाला नीट सांगितलंही नाही. परत येताना तिने दोनदा विचारलं, "काय गं, दाढ दुखतेय का?" मी म्हटलं, हो.

किल्ल्यात गेलो तेव्हा ऊन चढायचं होतं. मी आधी वाचून गेले होते, त्यामुळे गाइड नको म्हटलं. हा माझा जुना रोग. तख्त महालात नंदाला वाघ दाखवला: कमानीच्या कोपऱ्यात वाघ आणि त्याच्या पाठीमागून उगवणारा सूर्य, सगळं रंगीत फरश्यांचं. आता जे शिल्लक आहे त्यात वाघ शोधावा लागतो. शोधून दाखवला की समोरच्याला वाटतं, हिला केवढी नजर. तीस वर्षं चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या किती बॅचेस काढल्या. नजरेचा मला गर्व आहे, नाही म्हणून काय उपयोग.

मग रंगीन महाल. त्याबद्दल खूप लिहावंसं वाटत होतं, काल रात्रीपर्यंत. काळ्या बेसाल्टमध्ये शिंपल्याचे तुकडे बसवलेत, इतके बारीक की मोबाइलचा टॉर्च हलवला की पाण्यावर ऊन पडल्यासारखे चमकतात. लाकडी खांब, त्यावरचं कोरीवकाम, दाराच्या वर फारसी ओळी. बिदरचा बरीदशाही सुलतान अली बरीद याचं काम, 1542 ते 1580 ही त्याची कारकीर्द. नंदा म्हणाली, "एवढंसं? आणि याला महाल म्हणायचं?" खरंय, दालनं लहान आहेत. बरीदशाही राज्यही लहानच उरलं होतं तोवर. खजिना आटला की माणूस मोठं बांधत नाही, बारीक बांधतो. हे वाक्यही मी तिथं मोठ्याने बोलले होते. बोलण्याचा दिवसच होता तो.

आता ती जागा.

बाजूच्या एका दालनात काम चालू होतं. लाकडी परांची बांधलेली, खाली ओलं गोणपाट, एका कोपऱ्यात निळं पिंप. पिंपात गुळाचं पाणी. चुन्यात गूळ घालतात, हिरड्याचं पाणी घालतात, कुठं बेलफळाचा गर घालतात, हे वाचलेलं होतं. पण त्याला वास असतो हे कुणी लिहिलं नव्हतं. काकवीचा आंबूस वास आणि त्याखाली चुन्याचा तो नाकात बसणारा थंड वास. पिंपाच्या काठावर मुंगळ्यांची रांग लागलेली. एक बाई झाडूच्या काडीने त्यांना बाजूला करत होती, न मारता, कंटाळून, जशी दाण्यावर बसलेली चिमणी हाकलावी तशी.

आणि कमानीच्या कडेने गेलेली गिलाव्यातली वेल. पान, कळी, पान, कळी. मध्ये हातभर भागात ती इतकी सुरेख वळली होती की मी थांबलेच. कळीच्या देठाजवळ रेषा जरा जाड होते आणि पुढे निसटते. मुलांना मी हेच सांगून सांगून थकले: रेषेला वजन असतं, ते कुठं टाकायचं ते हाताला कळलं पाहिजे. माझे डोळे भरून आले. हल्ली येतात, कशानेही. मी फोटो काढला, तिथल्या तिथं आमच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं: "पाचशे वर्षांपूर्वीचे हात!" आणि परांचीवर बसलेल्या गवंड्याला, तो बघत होता म्हणून, म्हटलं,

"या रेषेत बघा, जराही घाई नाही. असे हात आता राहिले नाहीत."

त्याने थापी गुडघ्यावर ठेवली. पन्नाशीचा असेल. म्हणाला, "वो तो मैंइच करा ताई. पिछली दिवाली को."

मला वाटलं चेष्टा करतोय. तो खाली उतरला, चुन्याने पांढरं झालेलं बोट वेलीवरून फिरवलं आणि म्हणाला, "तुमी पन फिरवा. कळतंय."

फिरवलं. पान, कळी, पान, आणि तिथं बोट अगदी किंचित खाली उतरलं. पुढे हातभर गेल्यावर पुन्हा वर चढलं. पोस्टकार्डाच्या जाडीएवढाही फरक नसेल. नवं काम जुन्याच्या पातळीपेक्षा जरासं आत ठेवलेलं. मुद्दाम. मी विचारलं का, तर तो म्हणाला, साहेब लोकांनी तसंच सांगितलंय, जुनं ते जुनं कळलं पाहिजे. दोन्ही बाजूंना वेल शाबूत होती म्हणून मधली भरली. जिथं नक्षी काय होती तेच माहीत नाही तिथं नुसता सपाट गिलावा. आणि गळून गेलेल्या फरश्यांच्या जागी काहीच नाही, उरलेल्यांच्या कडा तेवढ्या चुन्याने बंद करायच्या, पाणी मागे शिरू नये म्हणून.

नंदा हसली. तिचं हसणं वाईट नव्हतं. तरी.

परतताना गाडीत पहिल्यांदा वाटलं ते असं: मला फसवलं. मी रडले ते कशावर रडले? एक वर्षाच्या गिलाव्यावर? ही भावना मी बराच वेळ धरून ठेवली, कारण ती सोपी होती. घरी आल्यावर फोनवर वाचत बसले. 1964 साली व्हेनिसला जगभरच्या दुरुस्तीवाल्यांनी सनद केली, तीत हेच म्हटलंय: जिथं भर घालाल तिथं ती एकूण वास्तूत मिसळली पाहिजे, पण जवळून वेगळी ओळखूही आली पाहिजे, नाहीतर तो खोटा पुरावा होतो. म्हणजे फसवणूक होऊ नये म्हणून सगळी तजवीज केलेली. बोट फिरवायचं सोडून मीच भाषण दिलं.

आणि जुनं तरी कुठलं जुनं? गुलबर्ग्याहून राजधानी इथं आणली ती अहमदशाह बहमनीने. रंगीन महाल आज दिसतो तो अली बरीदने आधीच्या वास्तूवर उठवलेला. निजामाच्या राज्यात गुलाम यझदानी पुरातत्त्व खातं बघत होते तेव्हा इथला ढिगारा उपसला, पुष्कळ डागडुजी झाली. आता हा माझा गवंडी. त्या दिवशी ज्या भिंतीला मी मान वाकवली तिच्यात किती जणांचा चुना आहे कोण जाणे. गावातल्या बहमनी वजीर महमूद गवानाच्या मदरशात बरं असतं. 1472ची ती इमारत औरंगजेबाच्या काळात बंदुकीच्या दारूच्या स्फोटात अर्धी उडाली, समोरचा एक मिनार उभा आणि दुसऱ्याची नुसती जागा. काय गेलं ते लांबूनही कळतं. बोट फिरवावं लागत नाही.

हे सगळं वाचून फसवल्याची भावना गेली. पण बरं वाटलं नाही. म्हणजे खुपत होतं ते दुसरंच.

मी त्या माणसाला, त्याच्याच कामासमोर उभी राहून, त्याच्या तोंडावर सांगितलं की तुझ्यासारखे हात आता उरले नाहीत. तो नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. कुणाचं काम ते तेवढं सांगितलं. किती जणांनी त्याला हे आधी सांगितलं असेल? येणारा प्रत्येक जण तेच म्हणत असणार, आणि तो परांचीवर बसून ऐकत असणार. स्वतःचीच श्रद्धांजली, रोज.

आणि मी? मला वाईट कशाचं वाटतंय, त्याचं की नजर चुकल्याचं? प्रामाणिकपणे लिहायचं तर नजर चुकल्याचं जास्त. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे दुसरं राहिलंय काय? दादाचा परवाचा फोन आला तेव्हाही असंच वाटलं होतं, की मी ज्यातली जाणकार होते ते आता... जाऊ दे. त्या फोनबद्दल इथं लिहायचं नाही असं ठरवलंय. तोंडात एक खोटी दाढ, डोळ्यात लवकरच मोतीबिंदूचं काहीतरी, आणि नजर म्हणावी तर ती ही अशी. घरात कुणाच्या लक्षात आलं का, मी आठ दिवस उजव्या बाजूने जेवतेय ते? उलट सगळे म्हणाले, "अगं, कळतसुद्धा नाही!" जणू न कळणं हाच माझा सन्मान.

(हे वाचून पाहिलं. अगदी शोकसभेची बातमी झालीय. पाणी पिऊन आले.)

खरं म्हणजे त्या गावात हसण्यासारखंही एक घडलं, ते लिहायचं राहिलं. किल्ल्यातून आल्यावर नंदाला बिदरीची डबी घ्यायची होती म्हणून एका कारागिराकडे बसलो. जस्त आणि थोडं तांबं यांच्या ओतीव भांड्यावर नक्षी खोदायची, खाचेत चांदीची तार ठोकायची. तोवर सगळं राखाडी. मग नवसागर आणि किल्ल्यातली माती पाण्यात उकळून त्यात भांडं बुडवायचं. भांडं काळंभोर होतं आणि चांदी तशीच पांढरी राहते. वर्षानुवर्षं ऊनपाऊस न लागलेली जुनी माती हवी, साधी चालत नाही. "योग्य माती कळते कशी?" नंदाने विचारलं. तो म्हणाला, जिभेवर ठेवून. चव बघून.

मला इतकं हसू आलं की त्याला वाटलं मी त्याला हसतेय. अख्ख्या गावात कुणीच डोळ्यांवर विसंबून नाही! एकाला बोटाने कळतं, एकाला जिभेने. आणि मी चित्रकलेची बाई चष्मा पुसत हिंडतेय. शेवटी मी त्याला दाढेचं सांगितलं, पूर्ण, टोपीच्या खर्चासकट. तो मान हलवत म्हणाला, "हौ, जुबान को सब मालूम रहता." नंदाची डबी छान आहे. मलाही घ्यायला हवी होती.

ग्रुपवरच्या फोटोला अकरा बदाम आलेत. वहिनींनी लिहिलंय, "काय ते लोक होते!" मी दुरुस्ती टाइप केली, पुसली, पुन्हा केली. "पाचशे नाही, एक वर्ष. काम करणाऱ्याला भेटले." शेवटी धाडली. पण तोवर नीलच्या मुंजीच्या तारखेवरून चर्चा सुरू झालेली, त्यात माझी दुरुस्ती वाहून गेली. एकटा दादाचा अंगठा आला. दादा सगळ्यालाच अंगठा देतो.

निघताना गवंड्याने माझ्याकडे फोटो मागितला होता. त्याच्या फोनचा कॅमेरा बिघडलाय आणि परांची काढली की आपलं काम पुन्हा जवळून बघायला मिळत नाही, म्हणाला. नंबर घेऊन ठेवला होता, नाव विचारायचं विसरले. 'वेल गवंडी' म्हणून सेव्ह केलाय. ग्रुपवरची चूक निस्तरल्यावर त्याला फोटो पाठवला, खाली काय लिहावं कळेना म्हणून नुसतं "नमस्कार" लिहिलं.

मघाशी उत्तर आलं. माझाच फोटो, त्यावर बोटाने काढलेलं लाल, वेडंवाकडं वर्तुळ. तिसऱ्या कळीभोवती. खाली लिहिलंय: "इदर थोडा बिगड गया. रोज दिखता."

मी फोटो मोठा करून बघितला, चष्मा लावून, चष्मा काढून, उजेड वाढवून. देठ, वळण, कळीचं टोक. मला अजून काही सापडलेलं नाही.