मामाला मामा बनवायचं

आठवीतल्या भाचीने बजावलं होतं, "मावशी, पहिला एपिसोड मध्ये थांबवायचा नाही." म्हणून मुलुंडला स्लो लोकलमध्ये चढल्या चढल्या लावला. उतरायचं होतं दादरला, उतरले परळला.

'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'. २०१९ चं अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, पहिल्या सीझनचे १२ भाग. ग्रेस फील्ड नावाचा अनाथाश्रम, पांढऱ्या कपड्यांतली गोड मुलं आणि त्यांना जीव लावणारी इझाबेला. मुलं तिला 'मामा' म्हणतात. आता मराठी कानाचं काय करणार! पहिली दहा मिनिटं मला मे महिन्यात आंब्याची पेटी घेऊन येणारा मिशीवाला मामाच दिसत होता. मग छोटी कॉनी दत्तक जायला निघते, तिचा कापडी ससा मागे राहतो आणि तो द्यायला आश्रमातलीच एमा आणि नॉर्मन फाटकापर्यंत धावतात. तिथे ट्रकमध्ये जे दिसतं ते बघून मी सायनच्या आसपास "अगंबाई!" असं ओरडले. चौथ्या सीटवरच्या बाईंनी पिशवी जवळ ओढली.

सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. तो आश्रम नाहीच, राक्षसांसाठी मुलं पोसायची जागा आहे. मेंदू जितका तल्लख तितका चविष्ट, म्हणून रोज परीक्षा. आमच्या चाळीत चौथीच्या स्कॉलरशिपसाठी पहाटे उठवून बदाम चारायचे, ते उगाचच आठवलं.

राक्षसांची मला फार भीती वाटली नाही. भीती वाटली ती दुसऱ्या दिवशी सकाळची. सगळं कळूनही अकरा वर्षांच्या पोरांनी टेबल लावायचं, हसायचं, मामाच्या कुशीत शिरायचं. पळायची तालीमसुद्धा तिच्या देखत, पकडापकडी खेळता खेळता. त्यात मामाची मदतनीस, ती सिस्टर क्रोन, येऊन स्वतःच राज्य घेते! झाडांमधून तिची हाक येते तेव्हा मी इअरफोन काढून ठेवले होते.

मी आणि माझी चुलतबहीण एकदाच असा कट केला होता. लालबागची दहा बाय बाराची खोली, वय अकराच. कुणाला न सांगता बसने राणीच्या बागेत जायचं. पैसे जमवले, वह्यांखाली लपवले. त्या सकाळी आम्ही न सांगता अंथरुणं आवरली, दूध नको न म्हणता प्यायलो. आई पोळ्या लाटत होती. मान वर न करताच म्हणाली, "काय गं, आज एवढ्या शहाण्या का झालात?"

संपलं. बहीण रडायलाच लागली.

म्हणून एमाचं कौतुक. मामाला मामा बनवायचं तर नेहमीइतकंच द्वाड राहावं लागतं, हे तिला कळतं. (२०२१ चा दुसरा सीझन बघू नका. मूळ मांगातले, म्हणजे जपानी कॉमिकमधले, मोठमोठे तुकडे गाळून ११ भागांत कसाबसा गुंडाळलाय. पुस्तकंच वाचा, असं भाचीही म्हणते.)

शेवटच्या भागात पोरं कपड्यांचे हँगर दोरीला अडकवून दरीपलीकडे घसरत जातात. तो भाग मी रात्री स्वयंपाकघरात उभ्यानेच बघितला. सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना एक हँगर दोरीला लावून जरा ओढून बघत होते, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हणाले आणि लगेच चादर झटकायला घेतली.